झेक भाषेत ‘वाईट वाटले’ कसे सांगावे? शेजारच्या बाईंना चार ओळी लिहायच्या आहेत

ब्रनोवासी (प्रश्न)

नमस्कार. मी तीन वर्षांपासून झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे राहते. घरात मराठी, कार्यालयात इंग्रजी आणि दुकानात मोडकीतोडकी झेक, असा आमचा दिवस जातो. आमच्या जिन्यावर समोरच्याच दारात एक वृद्ध दांपत्य राहत होते. गेल्या गुरुवारी सकाळी इमारतीच्या मुख्य दाराच्या काचेवर एक कागद आतल्या बाजूने चिकटवलेला दिसला. काळी किनार, वर कवितेच्या दोन ओळी, मध्ये ठळक अक्षरांत नाव, खाली पत्नी, मुले आणि नातवंडे यांची नावे. निधनाच्या अशा सूचनेला येथे ‘पार्ते’ म्हणतात, एवढे मला ठाऊक होते, पण ते नाव आमच्या शेजारच्या आजोबांचे आहे हे कळायला मला तो कागद दोनदा वाचावा लागला.

आम्ही भारतात जात असू तेव्हा आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असे आणि खिडकीतल्या तुळशीला ते पाणी घालत. ते तिला ‘बाझाल्का’ म्हणत, कारण त्यांच्या दृष्टीने ती सब्जाचीच बहीण होती. मागच्या जानेवारीत आम्ही पाच आठवड्यांनी परतलो, तेव्हा बाहेर उणे आठ तापमान होते आणि आत तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी उद्वाहनापाशी आजी भेटल्या. मनात इंग्रजीतले ‘आय ॲम सॉरी’ होते, त्याचे झेक रूप घाईघाईने जुळवले आणि मी म्हणाले, ‘ये मि वास लीतो.’ त्यांनी मान हलवली, ‘द्येकुयि’ म्हणाल्या आणि आत गेल्या. घरी येऊन पाठ्यपुस्तक उघडले तर तेथे ‘ये मि तो लीतो’ असे दिले आहे. ‘तो’ आणि ‘वास’ यांत नेमका किती फरक पडतो, हे कोणी सांगेल का? मी काही लागेलसे तर बोलले नाही ना, ही रुखरुख चार दिवस गेलेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की मला त्यांना चार ओळींचे पत्र लिहायचे आहे. इंग्रजीतली नेहमीची वाक्ये मला येतात: तुमच्या हानीबद्दल सॉरी, माझ्या संवेदना तुमच्यासोबत आहेत, ते आता अधिक चांगल्या जागी आहेत, त्यांची उणीव भासेल. यांतले झेकमध्ये काय चालते आणि काय परके वाटते? कार्यालयातील नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी अशा वाक्यांचा एक कागद करावा, असेही मनात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिलेत तर उपकार होतील. उच्चार देवनागरीतच द्यावेत, म्हणजे सर्वांना वाचता येतील.

प्रागचा दुभाषी

ताई, आधी तुमची रुखरुख दूर करतो. तुम्ही अपमानकारक काही बोललेला नाहीत. ‘ये मि तो लीतो’ म्हणजे ‘मला या गोष्टीचे वाईट वाटते’, आणि ‘ये मि वास लीतो’ म्हणजे ‘मला तुमची दया येते’ किंवा जरा कडक अर्थ घेतला तर ‘तुमची कीव येते’. पहिल्यात दुःख त्या घटनेचे आहे, दुसऱ्यात समोरचे माणूस दयेचा विषय होते. वयस्क झेक माणसाला दुसरे वाक्य थोडे टोचू शकते, पण परदेशी शेजारीण डोळ्यांत पाणी आणून बोलते आहे हे पाहिल्यावर कोणी व्याकरण पाहत नाही. त्यांनी आभार मानले, ते मनापासूनच मानले असतील.

आता मूळ अडचण. मी येथे अठरा वर्षे दुभाष्याचे काम करतो, त्यात रुग्णालये आणि नोंदणी कार्यालये बरीच असतात. आपली माणसे झेक बोलताना जेथे अडखळतात, तेथे बहुतेक वेळा मधे इंग्रजी उभी असते. इंग्रजीतला ‘सॉरी’ हा एकच शब्द पाचसहा कामे करतो. गर्दीत कोणाला धक्का लागला तरी तोच, ऐकू आले नाही तरी तोच, चूक कबूल करतानाही तोच आणि कोणाचे वडील वारले तरी तोच. झेकमध्ये या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. धक्का लागला तर ‘प्रोमिन्यते’, म्हणजे ‘क्षमा करा’. ऐकू आले नाही तर ‘प्रोसीम?’, जो एरवी ‘कृपया’ म्हणूनही येतो. चुकीची जबाबदारी घ्यायची तर ‘ओम्लोउवाम से’, म्हणजे ‘मी माफी मागतो’. काहीतरी बिघडले, कोणाची नोकरी गेली, सहल रद्द झाली आणि त्याची खंत वाटते तर ‘मृझी म्न्ये तो’. खरोखर आतून वाईट वाटले तर ‘ये मि तो लीतो’. आणि मृत्यू झाला असेल तर ‘उपर्शीम्नोउ सोउस्त्रास्त’.

या शेवटच्या शब्दाजवळ थोडे थांबतो, कारण तो फार सुंदर आहे आणि मराठी माणसाला तो पाठ करावा लागत नाही. ‘सोउ’ म्हणजे सह, सोबत. ‘स्त्रास्त’ म्हणजे यातना, क्लेश. दोन्ही जोडले की सहवेदना, समवेदना. आपण संस्कृतातून जसा शब्द घडवला, अगदी त्याच सांध्यांनी त्यांनी त्यांचा घडवला आहे. ‘उपर्शीम्नोउ’ म्हणजे मनापासूनची, निष्कपट. दोन शब्दांचा हा वाक्यांश वास्तविक अर्धे वाक्य आहे. ‘व्यक्त करतो’ हे क्रियापद गाळलेले आहे आणि विशेषणाचा शेवट ते अजून सांगत राहतो. आपण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढेच म्हणून थांबतो, तसेच. मात्र आपली श्रद्धांजली गेलेल्या माणसाला असते आणि सोउस्त्रास्त मागे राहिलेल्याला असते, हा भेद विसरू नये. गेलेल्यासाठी त्यांच्याकडे ‘चेस्त येहो पामात्त्से’ आहे, म्हणजे ‘त्यांच्या स्मृतीस मान असो’. स्त्री असेल तर ‘येहो’च्या जागी ‘येयी’.

सोउस्त्रास्त हा शब्द मृत्यूखेरीज कोठेही वापरू नये. एका तरुण सहकाऱ्याने नोकरी गेलेल्या झेक मित्राला हे दोन शब्द लिहून पाठवले होते. भावना चांगली होती, पण त्या मित्राला ते आपल्या नावाने तेरावे घातल्यासारखे वाटले. आजारपणालाही हा शब्द चालत नाही. तेथे ‘ये मि तो लीतो’ पुरे.

‘तुमच्या हानीबद्दल’ या इंग्रजी वाक्याचे शब्दशः झेक ‘ये मि लीतो वाशी स्त्राती’ असे होते. व्याकरण बरोबर आहे, आणि परदेशी मालिकांच्या डबिंगमधून ते रुळतही चालले आहे, पण माझ्या कानाला अजून ते भाषांतरच वाटते. तुमच्या शेजारच्या आजींसारख्या पिढीला तर ते नक्कीच तसे वाटेल. वापरू नका.

भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी, पुणे

मला झेक बोलता येत नाही, परंतु स्लाव्हिक भाषांच्या वाक्यरचनेचा थोडा अभ्यास केला आहे, म्हणून एका मुद्द्यात भर घालते. ताईंनी इंग्रजी वाक्ये घेऊन त्यांचे झेक करण्याऐवजी मराठी वाक्ये घेऊन सुरुवात केली, तर निम्मी चूक मुळातच टळेल, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी माणूस म्हणतो, मी दुःखी आहे, मी थंड आहे, मी तुला चुकवतो. तेथे ‘मी’ कर्ता होऊन पुढे उभा असतो. मराठीत मात्र भावना आपल्याकडे येतात आणि आपण त्या स्वीकारणाऱ्याच्या जागी असतो: मला वाईट वाटते, मला रडू येते, मला थंडी वाजते, मला तुझी आठवण येते. चतुर्थीतला हा ‘मला’ झेकमध्येही तसाच आहे आणि त्याचे रूप ‘मि’ आहे. ‘ये मि लीतो’ याचे शब्द उलगडले तर ‘आहे मला वाईट’ असे होते. ‘ये मि स्मुत्नो’ म्हणजे मला उदास वाटते आहे. ‘ये मि झिमा’ म्हणजे मला थंडी वाजते. ‘ये मि दो प्लाचे’ म्हणजे मला रडावेसे वाटते आहे. ‘ये मि ऊस्को’ म्हणजे माझा जीव घाबरा होतो आहे. यातला शेवटचा शब्द ‘अरुंद’ या अर्थाच्या शब्दातून आला आहे, छातीत जागा उरली नाही असे जे आपल्याला होते तेच. ‘मि’ काढून ‘नाम’ घातले की आम्हाला, ‘वाम’ घातले की तुम्हाला, ‘मु’ घातले की त्याला.

याउलट ‘सेम स्मुत्नी’ किंवा स्त्री बोलत असेल तर ‘सेम स्मुत्ना’ हे ‘मी दुःखी आहे’ असे प्रथमेतले वाक्यही झेकमध्ये आहे आणि ते चुकीचे नाही. पण त्यात स्वतःविषयीचे विधान आहे. ‘ये मि स्मुत्नो’मध्ये आता, या क्षणी मनावर उतरलेली छाया आहे. आपल्याकडे ‘मी उदास आहे’ आणि ‘मला उदास वाटते’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच.

उच्चारातही मराठी माणसाला थोडी सवलत आहे. चमच्यातला च आणि चहातला च आपण वेगळा उच्चारतो. झेकमध्येही हे दोन च वेगळे आहेत आणि लिहितातही वेगळे. ‘मृझी’ किंवा ‘सृत्से’ या शब्दांत र स्वतःच स्वरासारखा वागतो. आपण ‘ऋ’ला मागाहून उकार चिकटवतो, तो फक्त काढून टाकावा. अडचण एकच उरते, ती ‘उपर्शीम्नोउ’मधल्या र आणि श यांच्या एकाच वेळी होणाऱ्या ध्वनीची. तो आपल्याकडे नाही. पण पत्रात लिहायचा असल्यामुळे सध्या त्याची चिंता नको.

बोलेस्लावकर

माझे काम मोटारींच्या कारखान्यात. आधी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होतो, आता म्लादा बोलेस्लाव येथे आहे. भाषेचा अभ्यास नाही, पण रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी सांगतो.

आपण ज्या गाडीला स्कोडा म्हणतो, तो शब्द येथे ‘श्कोदा’ असा उच्चारतात. गाडीचे नाव एमिल श्कोदा यांच्या आडनावावरून आले आहे. त्यांनी १८६९ मध्ये प्ल्झेन्य शहरातला कारखाना विकत घेतला आणि १९२५ मध्ये त्या उद्योगाने बोलेस्लावची मोटार कंपनी आपल्यात घेतली. पण सामान्य शब्द म्हणून ‘श्कोदा’चा अर्थ नुकसान, आणि ‘तो ये श्कोदा’ म्हणजे ‘अरेरे, चुकचुक’. पाऊस आला आणि सामना रद्द झाला, केक संपला, सुटी मिळाली नाही, अशा ठिकाणी हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडते. सोपे आणि ओळखीचे असल्यामुळे आपली नवी मंडळी ते लगेच उचलतात. कोणाच्या निधनाची बातमी ऐकून मात्र ते तोंडातून निघता कामा नये. हळहळ आणि दुःख यांत आपण जे अंतर ठेवतो, ते येथेही ठेवतात.

दुसरे, कार्यालयीन पत्रांचे. ‘कळवण्यास खेद होतो’ याला ते ‘स पोलितोवानीम’ लिहितात. हा शब्द ‘लीतो’च्याच कुटुंबातला आहे, पण तो कागदावरचा खेद आहे, आपल्या ‘दिलगीर आहोत’सारखा. घरच्या पत्रात तो आला की पत्र सरकारी वाटते. बोलताना सगळेजण ‘बोहुझेल’ म्हणतात, म्हणजे ‘दुर्दैवाने’. तो शब्द फोडला तर ‘देवालाही खेद’ असा काहीसा अर्थ निघतो. देव न मानणारी माणसेही तो शब्द दिवसभर वापरतात.

ब्रनोवासी

सर्वांचे मनापासून आभार. दुभाषी दादांनी लिहिलेले वाचून जीव भांड्यात पडला. पुण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी मराठीत विचार केला, पण सवय जाता जात नाही. काल रात्री हा मसुदा लिहिला. उच्चार देते, पुढे अर्थ देते.

‘वाझेना पानी’ (आदरणीय बाई), ‘स पोलितोवानीम’ तुमच्या पतीच्या निधनाची बातमी आम्हाला समजली. ‘उपर्शीम्नोउ सोउस्त्रास्त.’ ते आता अधिक चांगल्या जागी आहेत. आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत. अंत्यविधीला आम्ही येऊ शकतो का, आणि फुले म्हणून पांढरी शेवंती आणली तर चालेल का?

यात काय बदलावे? आणखी एक विचारते. ‘झेम्र्झेल’ हा शब्द मी लिहिण्याचे टाळले, तो फार उघडावाघडा वाटला. त्याला काही सौम्य पर्याय आहे का?

ओलोमोउत्सची सून

ताई, मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन ओलोमोउत्सजवळच्या एका गावात आले त्याला आता बावीस वर्षे झाली. या काळात सासऱ्यांचे, आजेसासूबाईंचे आणि गावातल्या पुष्कळ जणांचे पार्ते मी छापून आणलेले आणि पाकिटांत भरलेले आहेत. त्यामुळे तुम्हाला पहिली विनंती ही की, लिहायला बसण्याआधी दारावरचा तो कागद पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा.

पार्तेवर क्रूस छापलेला आहे का ते पाहा. असेल तर ते कुटुंब श्रद्धाळू आहे किंवा निदान जाणारे माणूस तसे होते. क्रूस नसेल, एखादी फांदी किंवा नुसत्या कवितेच्या ओळी असतील, तर देव, प्रार्थना, चांगली जागा यांतले काहीही लिहू नका. येथे २०२१ च्या जनगणनेत जवळपास निम्म्या लोकांनी आपण कोणताही धर्म मानत नसल्याचे लिहिले होते आणि बऱ्याच जणांनी तो रकाना रिकामाच ठेवला होता. ‘ते आता अधिक चांगल्या जागी आहेत’ हे वाक्य आपल्याला सांत्वनाचे वाटते. पण पन्नास वर्षे ज्या स्वयंपाकघरात दोघांनी एकत्र कॉफी घेतली, त्याहून चांगली जागा कोणती, असे त्या बाईंच्या मनात येऊ शकते. प्रार्थनेच्या जागी ‘मिस्लीमे ना वास’ लिहा, म्हणजे ‘तुमचा विचार आमच्या मनात आहे’.

मग खालच्या ओळी पाहा. तेथे निरोपाच्या कार्यक्रमाची वेळ आणि ठिकाण असते, बहुधा दहनभूमीतले सभागृह, कारण या देशात दफनापेक्षा दहन कितीतरी अधिक होते. जर ‘रोदिना’ आणि ‘क्रुह’ हे शब्द त्या ओळीत दिसले, तर निरोप फक्त जवळच्या कुटुंबीयांपुरता आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी जायचे नसते आणि ‘येऊ का’ असे विचारायचेही नसते, कारण विचारले की त्यांना नाही म्हणावे लागते. आपल्याकडे भेटायला गेलो नाही तर माणसे मनात धरतात, आणि न बोलता शेजारी बसून राहणे हेच खरे सांत्वन असते. येथे पहिल्या दिवसांत घरावर कोणी जात नाही. पत्र टपालपेटीत टाकतात. मला हे स्वीकारायला फार जड गेले. आजेसासूबाई गेल्या तेव्हा घरात तीन दिवस कोणीही फिरकले नाही, आणि चौथ्या दिवशी टपालपेटी उघडली तर ती पाकिटांनी इतकी भरली होती की किल्ली फिरवताच पाकिटे खाली पडली. माणसे आली नव्हती असे नाही. आपल्या सवयीच्या दाराने आली नव्हती, एवढेच.

शेवंतीचे एक सांगते. आपल्याकडे शेवंतीची वेणी लग्नातही घालतात, येथे शेवंती हे दोन नोव्हेंबरचे, मृतांच्या स्मरणदिनाचे फूल आहे. त्या दिवशी सगळी स्मशाने शेवंतीने आणि मेणबत्त्यांनी भरलेली असतात. म्हणून अंत्यविधीला शेवंती चालते, पण संख्या सम असावी लागते. वाढदिवसाला विषम, निरोपाला सम. आपल्या ‘एकशे एक’च्या सवयीने विषम फुले नेली तर फूलवालीच अडवते आणि प्रसंग कोणता, असे विचारते.

‘झेम्र्झेल’ हा शब्द उघडावाघडा नाही, तो आपल्या ‘वारले’ किंवा ‘निधन झाले’ इतका सभ्य आहे. सौम्य हवा असेल तर ‘झेस्नुल’ आहे, ज्यात झोपी जाण्याचा भाव आहे, पण तो छापील पार्तेवर शोभतो. शेजारणीच्या पत्रात त्यांपैकी कोणताच शब्द लागत नाही. त्यांना ते ठाऊक आहे.

आता मसुदा. ‘वाझेना पानी’ने नोटीस सुरू होते. तुम्ही रोज जिन्यात भेटता, म्हणून ‘मिला पानी सोउसेत्को’ लिहा, म्हणजे ‘प्रिय शेजारीणबाई’. ‘सोउसेत्का’चे संबोधन ‘सोउसेत्को’ होते. मराठीत आपण ‘माणसा’, ‘मुली’ असे संबोधन करतो, तसे झेकमध्ये प्रत्येक नावाला करावे लागते, आणि पत्रात ते चुकले तर मायना कोरडा पडतो. ‘स पोलितोवानीम’ काढा, बोलेस्लावकर दादांनी त्याचे कारण सांगितलेच आहे. पत्रात ‘वास’, ‘वाम’ ही ‘तुम्ही’ची रूपे मोठ्या अक्षराने सुरू करा, तो येथला लेखी आदर आहे. शेवटी ‘होद्न्ये सीली’ लिहा. शब्दशः ‘पुष्कळ बळ’. आपण म्हणतो ना, हे दुःख सोसण्याची ताकद मिळो, त्यातला देव बाजूला ठेवला की हेच उरते. समोरासमोर भेट झाली तर ‘दृश्ते से’, म्हणजे ‘धीर धरा’. याचा मूळ अर्थ ‘स्वतःला घट्ट धरून ठेवा’ असा आहे.

आणि तुळशीचे लिहा. पत्रातले बाकी सगळे कोणीही लिहील, तुळशीचे तुम्हीच लिहू शकता. ‘निग्दी नेझापोमेनेमे, याक नाम झालेवाल क्व्येतिनी’, म्हणजे ‘ते आमच्या झाडांना पाणी घालत, हे आम्ही कधीच विसरणार नाही’. वाटल्यास ‘क्व्येतिनी’च्या जागी ‘बाझाल्कु’ लिहा, त्यांचा शब्द त्यांच्या घरी परत जाईल.

प्रागचा दुभाषी

ओलोमोउत्सच्या ताईंनी लिहिल्यानंतर मसुद्यात सुधारण्यासारखे काही उरलेले नाही. ‘उणीव भासेल’ हा तुमच्या पहिल्या पत्रातला भाग मात्र राहिला, तो सांगतो.

झेकमध्ये आठवणीची दोन क्रियापदे आहेत. ‘स्तीस्का से मि’ म्हणजे मला त्याची ओढ लागली आहे, जीव त्याच्याकडे धावतो आहे. घराची आठवण येते तेव्हाही हेच म्हणतात. दुसरे ‘खिबी मि’, म्हणजे ‘तो मला कमी आहे’, जागा रिकामी आहे. गेलेल्या माणसासाठी दोन्ही चालतात, पण पत्रात दुसरे अधिक शांत वाटते: ‘बुदे नाम मोत्स खिब्येत’, ‘त्यांची आम्हाला फार उणीव भासेल’. येथेही आठवण काढणारा माणूस कर्ता नाही, ‘नाम’ म्हणजे ‘आम्हाला’च आहे, पुण्याच्या ताईंचा मुद्दा पुन्हा सिद्ध होतो.

तुमच्या कागदासाठी आणखी दोनतीन जोड्या देऊन ठेवतो. काळीज तुटल्याचे इंग्रजी वाक्य झेकमध्ये शब्दशः नेले की ऐकणाऱ्याला प्रेमभंग झाल्यासारखे वाटते. शोकासाठी ‘पुका मि सृत्से’ म्हणतात, म्हणजे ‘माझे हृदय फुटते आहे’. आपल्या ‘ऊर फुटणे’ची आठवण यावी, इतके ते जवळ आहे. बिचारा आणि बिचारी यांना ‘खुदाक’ आणि ‘खुदिंका’. ‘स्मुतेक’ म्हणजे उदासी, आणि तोच शब्द दुखवट्यालाही वापरतात. झेक प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल १८ डिसेंबर २०११ रोजी वारले, तेव्हा २१ ते २३ डिसेंबर असा तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला, त्याला ‘स्तात्नी स्मुतेक’ म्हटले गेले. घरात दुखवटा पाळण्याला ‘दृझेत स्मुतेक’ म्हणतात, शब्दशः दुखवटा ‘धरणे’, जसे आपण सुतक धरतो. त्यात शिवाशिवीचा भाव मात्र नाही. त्याहून खोल शोकाला ‘झार्मुतेक’, तो पार्तेवर वाचायला मिळेल.

कागदावर इंग्रजीचा रकाना ठेवूच नका, ही माझी एकच सूचना. डावीकडे मराठी, उजवीकडे झेक.

ब्रनोवासी

आज आठवडा झाला, म्हणून कळवते. दारावरच्या कागदावर क्रूस नव्हता, आणि ‘रोदिना’ व ‘क्रुह’ हे दोन्ही शब्द शेवटच्या ओळीत होते, म्हणून आम्ही अंत्यविधीला गेलो नाही. पत्र रविवारी रात्री टपालपेटीत टाकले. सगळे ओलोमोउत्सच्या ताईंनी सांगितले तसेच लिहिले, ‘बाझाल्कु’ हा शब्द घातला आणि खाली एक ओळ मराठीतही लिहिली, कारण ती न लिहिता सही करवेना.

काल संध्याकाळी आजींनी घंटी वाजवली. हातात आमची किल्ली होती, लाल दोरा बांधलेली, जी इतकी वर्षे त्यांच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. त्या ती परत द्यायला आल्या होत्या. मी ती घेतली नाही, त्यांची मूठ मिटवली आणि आत या म्हटले. त्या आल्या, खिडकीजवळ गेल्या, कुंडीतली माती बोटाने दाबून पाहिली. मग मराठी ओळीत काय लिहिले आहे ते विचारले, आणि मी अडखळत सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

नंतर म्हणाल्या, ‘खिबी मि.’

मी म्हणाले, ‘नाम ताकी.’ आम्हालाही.